चिकोडीचा उमेदवार, डेट्रॉइटचे मतदार

मित्रहो, बंगळूरच्या बेळ्ळंदूरमध्ये मराठी व्याख्यानाला खुर्च्या कमी पडतात, याचा मला मनापासून आनंद आहे. तुमच्यातले बरेचजण बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडचे आहेत, हे मघाच्या चहापानातच कळले. त्यामुळे आजचा उमेदवार तुमच्याच मुलखातला आहे. अमेरिकेच्या काँग्रेसमधले, म्हणजे तिथल्या संसदेतले, खासदार श्री ठाणेदार.

त्यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1955 रोजी चिकोडीत झाला आणि बालपण बेळगावात, ओढगस्तीच्या घरात गेले. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते 1979 साली अमेरिकेला गेले आणि 1982 मध्ये अ‍ॅक्रन विद्यापीठातून पॉलिमर रसायनशास्त्रात त्यांनी पीएच.डी. मिळवली. 1991 साली ‘केमिर’ नावाची छोटी प्रयोगशाळा त्यांनी 75 हजार डॉलरांना विकत घेतली आणि वाढवली. पुढे 2008च्या मंदीत धंदा कर्जात बुडाला, बँकेच्या ताब्यात गेला. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला येऊन त्यांनी ‘अ‍ॅव्होमीन’ ही दुसरी प्रयोगशाळा उभारली आणि 2016 मध्ये तिच्यातला मोठा हिस्सा विकला. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचे आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यात जिद्द आहे, पत्नीच्या मृत्यूनंतरचे दिवस आहेत, उद्योग आहे. राजकारण मात्र नाही. ते त्यानंतर आले, आणि मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

2018 साली ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरले. स्वतःच्या खिशातले सुमारे एक कोटी डॉलर त्यांनी त्यात घातले. मते मिळाली 17.7 टक्के आणि क्रमांक तिसरा. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. दुसरा कोणी असता तर हिशेब मिटवून घरी बसला असता. ठाणेदार डेट्रॉइटला राहायला गेले, 2020 मध्ये तिथून राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि 2022 मध्ये काँग्रेसच्या तेराव्या मतदारसंघातून उभे राहिले.

आपल्याकडे उमेदवार पक्ष ठरवतो. 2024 मध्ये चिकोडी लोकसभा मतदारसंघातून काँग्रेस पक्षाच्या प्रियांका जारकीहोळी निवडून आल्या. त्यांचे वडील तेव्हा राज्यात मंत्री होते. त्यांना तिकीट द्यावे का, हे चिकोडीच्या मतदाराला कोणी विचारले नव्हते. मिशिगनमध्ये ते मतदारालाच विचारतात. पुरेशा सह्या गोळा केल्या की कोणीही प्राथमिक निवडणुकीला उभा राहू शकतो, आणि मतदाराने आधी पक्षाचा सभासद असावे अशीही अट नाही. डेट्रॉइटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व इतके पक्के आहे की ऑगस्टची प्राथमिक फेरी जिंकली, की नोव्हेंबरची निवडणूक बहुतेक जिंकल्यासारखीच.

आता आकडे नीट पाहा. 2022च्या त्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना 28 टक्के, अ‍ॅडम होलियर यांना साडेतेवीस टक्के. दुसऱ्या फेरीची सोय नाही, म्हणून ज्याला जास्त तो विजयी. नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना 71 टक्के मते पडली आणि मराठी वर्तमानपत्रांतून अभिमानाच्या बातम्या आल्या. अभिमान मलाही वाटला. पण त्या 71 टक्क्यांमागे 28 टक्के उभे आहेत, आणि डेट्रॉइटमध्ये त्याचा अर्थ फार वेगळा लागला. तीन-चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय लोकवस्तीच्या या शहराला 1955 पासून काँग्रेसमध्ये सलग कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. चार्ल्स डिग्ज आणि जॉन कॉन्यर्स हे नागरी हक्कांच्या लढ्यातले मोठे लोक इथलेच. 2023 च्या जानेवारीत ती परंपरा तुटली. मते अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत विभागली गेली आणि पैसेवाला नवखा जिंकला, ही तिथली सल आहे. आपल्या कौतुकात त्या सलीला जागा नसेल, तर आपल्याला अर्धीच निवडणूक समजली.

पैसा केवळ एकाच बाजूला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. इस्रायल-समर्थक गटाशी जोडलेल्या निधीने होलियर यांच्यासाठी 40 लाख डॉलरांहून अधिक खर्च केला होता, कारण ठाणेदारांनी राज्याच्या सभागृहात इस्रायलला दिल्या जाणाऱ्या मदतीविरुद्धच्या ठरावाला पाठिंबा दिला होता. निवडून आल्यावर ते इस्रायलचे समर्थक झाले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये एका समाजवादी संघटनेचे सभासदत्वही त्यांनी सोडले. मत बदलणे हा गुन्हा नाही. पण कोणत्या विचाराने बदलले, हे मतदाराला नीट कळले पाहिजे. ठाणेदारांच्या बाबतीत ते कळत नाही, असे माझे मत आहे. इतर प्रश्नांवर बोलायचे तर, सरकारी आरोग्यविमा सर्वांना मिळावा, ही भूमिका त्यांनी 2018 मध्येच घेतली होती. ग्रीन कार्डावरची देशनिहाय मर्यादा उठवावी असे ते म्हणतात. या सभागृहात त्या कार्डाची वाट पाहणाऱ्यांची भावंडे नक्की असतील. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमे मांडली, मे महिन्यात मतदानाचा आग्रह धरला आणि स्वपक्षीयांनी नापसंती दाखवताच तो मागे घेतला.

त्याआधी 2024च्या प्राथमिक फेरीत मात्र त्यांना जवळपास 55 टक्के मिळाले. पुरेशा वैध सह्या नसल्याने होलियर त्या वेळी बादच झाले होते, हे खरे. पण दोन वर्षे मतदारसंघात वावरून काही मते ठाणेदारांनी कमावलीही असणार.

हे सगळे बेळ्ळंदूरमध्ये सांगण्याचे कारण आहे. चिकोडीहून गेलेला माणूस डेट्रॉइटमध्ये मते मागतो, आणि बेळगावहून इथे आलेल्या आपल्यातल्या कितीजणांची नावे अजून गावच्याच मतदारयादीत आहेत? हा भाग महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात येतो. 2024च्या लोकसभा निवडणुकीत भाजपचे पी. सी. मोहन बंगळूर मध्य मतदारसंघातून 32,707 मतांनी जिंकले. एकट्या महादेवपुऱ्यात त्यांची आघाडी 1 लाख 14 हजारांची होती. पुढे याच मतदारयादीवरून देशभर वाद पेटला. 2017 आणि 2018 मध्ये बेळ्ळंदूर तलावाला आग लागली, फेस रस्त्यावर आला, तेव्हा आपण सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे जाब विचारायला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. त्याबद्दल मराठी घरांतून किती आवाज उठला?

पत्ता बदलला की मतदारयादीतले नाव हलवण्यासाठी फॉर्म 8 भरायचा असतो. तो ऑनलाइनही भरता येतो. ज्यांना अडचण येईल त्यांच्यासाठी मी व्याख्यानानंतर इथेच थांबणार आहे.