जोयड्याची पोरं आणि ऑलिंपिकचं स्वप्न



जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड. उत्तर कन्नडच्या या रानांत सिद्दी समाजाची घरं विखुरलेली आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज. कुणी पळून, कुणी सुटका होऊन घाट चढून आले आणि इथलेच झाले. घरात कोकणी; मराठी आणि कन्नडही कानावरची. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. पण डमामी नाचाचे ढोल वाजू लागले की सगळे एकत्र नाचतात.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. ती हळहळ ताजी होती. त्यातच दूरदर्शनवर वेगाच्या शर्यती जिंकणारे कृष्णवर्णीय धावपटू देशानं पाहिले. मग १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाला सिद्दी मुलं आठवली. मार्गारेट अल्वा तेव्हा क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री होत्या. रानातली मुलं निवडून वसतिगृहात नेली. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांच्या पायात धावण्याचे बूट आले, पुढ्यात पोटभर अन्न आलं. याचं मोल मी कमी लेखणार नाही. काहींना पुढे खेळाच्या जोरावर सरकारी नोकऱ्याही मिळाल्या.

पण योजनेचा पायाच कच्चा होता. वेग रक्तात असतो, असं गृहीत धरलं होतं. जमैकाकडे पाहा. तिथल्या शाळांची मैदानी स्पर्धा १९१० पासून चालत आली आहे, गावोगावची पोरं तिच्यासाठी वर्षभर घाम गाळतात. उसेन बोल्ट त्याच स्पर्धेतून वर आला. केनियातही इटेनच्या शाळेत एका आयरिश शिक्षकानं १९७६ पासून पिढ्यान्‌पिढ्या धावपटू घडवले. आपण तिथली पदकं पाहिली, शाळा पाहिल्या नाहीत.

१९९३ च्या सुमारास सिद्दींची योजना गुंडाळली गेली. ऐन उमेदीतली मुलं घरी परतली, कितीतरी जण मजुरीला लागले. समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावं लागलं.

ऑलिंपिकचं जग आपल्या दारात आलं, ते या मुलांचा वर्ण पाहून. त्यांची जमीन, भूक, शाळा यांची चौकशी त्यानं केली नाही. आता मुलांच्या वेगाची परीक्षा घ्यायची असेल, तर जोयड्यात वर्षभर राहणारा प्रशिक्षक हवा, शाळेला सपाट मैदान हवं आणि तालुक्याची शर्यत जिंकणाऱ्या मुलीला पुढच्या स्पर्धेला नेणारी गाडी हवी.