फार्मर नव्हे, फॉर्मर
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा इंग्रजी शब्दांवर मी बोलायला उभी राहिले याचे तुम्हांला हसू येईल. मलाही येते आहे. पण एका शब्दापायी बँकेतून रिकाम्या हाताने परतावे लागले, म्हणून ही धिटाई करते.

२०२२ साली आमच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळात रोजचे पैसे भरावे लागत. दोघांच्या नावे एक मुदत ठेव होती, तिची मुदतही नुकतीच भरली होती. पावती घेऊन मी बँकेत गेले. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काकू, यावर काकांचीच सही लागेल." मी म्हटले, "अरे, माझेही नाव आहे की!" त्याने एका ओळीवर बोट ठेवले : 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'.

खरे सांगते, ती ओळ मी आधी कितीदा तरी वाचली होती. 'फार्मर म्हणजे शेतकरी' हे शाळेतले पाठ. आमच्या सासरी शेती, तेव्हा शेतकऱ्यांना काही सवलत असेल अशी माझी समजूत! फार्मरमध्ये 'ए', फॉर्मरमध्ये 'ओ'. एवढ्याने शेतकऱ्याचा 'आधीचा' होतो. म्हणजे पहिले नाव ज्याचे, तो हयात असेतो पैसे त्याच्याच सहीने. दुसरीला ते त्याच्यामागे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असते, तर मुदत भरल्यावर दोघांपैकी कोणाचीही सही चालली असती. सर्व्हायव्हर म्हणजे मागे उरलेला. हा अर्थ कळला तेव्हा मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. पैसे हवे होते ते माणूस जगावा म्हणून, आणि कागद म्हणत होता, नंतर ये.

पुढे बँकेचे अधिकारी इस्पितळात आले, साक्षीदारांसमक्ष यांचा अंगठा घेतला, पैसे मिळाले. पण तेवढ्या चार दिवसांत माझ्या जावेच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. तिने एका शब्दाने विचारले नाही.

यजमान आता काठी घेऊन हिंडतात. दोघांनी सह्या करून साऱ्या पावत्यांवर 'आयदर' करून घेतले. मुदतीआधी ठेव मोडायची तर बहुधा दोघांच्याही सह्या मागतात. त्याची तजवीजही आधीच लिहून देता येते, तीही केली. हे म्हणतात, "कारकुनाने दाखवली तिथे खूण केली, मला तरी कुठे ठाऊक होते?"

तर आज घरी गेल्यावर कपाटातली पावती काढा. लागली नाही तर मंडळात घेऊन या. रक्कम हवी तर झाकून आणा. 'ए' की 'ओ', एवढे मी सांगेन.