ग्रंथपाल निवृत्त होतात तेव्हा

(सांता क्लारा येथील जयंती समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या समारंभात आरोग्याविषयी बोलावे, अशी सूचना आम्हांस करण्यात आली होती. परंतु मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी आपल्यापैकी अनेकांशी आमचे बोलणे एरवी होतच असते. म्हणून आज एका निराळ्याच संस्थेच्या प्रकृतीविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतली. ती संस्था म्हणजे विद्यापीठाचे ग्रंथालय होय.

या खाडी परिसरातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे वार्तापत्र आमच्याकडे अनेक वर्षे येत आहे. त्यात दोनच सदरे आम्ही नेमाने वाचतो. पहिले कर्मचाऱ्यांविषयीचे : कोण नव्याने रुजू झाले, कोणास बढती मिळाली, कोण सेवानिवृत्त होत आहेत. दुसरे आगामी कार्यक्रमांचे : कोणते प्रदर्शन भरणार, कोणाचे व्याख्यान होणार. आमच्या घरी या वाचनाची थट्टा होते. ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्या बढत्यांशी आपला काय संबंध, असे मुले विचारतात. हा संबंध काय आहे ते आम्हांलाही फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी त्या पहिल्या सदरात चार ओळींची एक बातमी आली. दक्षिण आशियाई भाषांतील पुस्तकांचा विभाग सांभाळणाऱ्या एक बाई निवृत्त होत होत्या. आमची त्यांच्याशी ओळख होती. त्या मराठी बोलू शकत नसत, पण लिपी जाणत आणि पुस्तकाच्या पाठीवरील नाव बोट फिरवून वाचत. निरोपाच्या चहापानास आम्ही गेलो. मराठी माणूस म्हणून तेथे आम्ही एकटेच होतो. त्यांची जागा पुढे भरली गेली नाही. त्यानंतर वर्षभराने आम्ही त्या कपाटांपाशी गेलो, तेव्हा मराठीचे नवे एकही पुस्तक तेथे आलेले नव्हते. कोणी बंदी घातली नव्हती, कोणी द्वेष केला नव्हता. मागणारे कोणी नव्हते आणि निवडणारे माणूस उरले नव्हते, एवढेच घडले होते. रुग्णाचा श्वास इतक्या शांतपणे थांबलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे.

बंधू-भगिनींनो, ग्रंथालय म्हणजे इमारत नव्हे, पुस्तकांची रास तर नव्हेच. कोणते पुस्तक घ्यावे, ते कोणत्या विषयाखाली नोंदवावे, जीर्ण झाल्यावर जपावे की काढून टाकावे, हे ठरविणारी माणसे म्हणजे ग्रंथालय. ही गोष्ट आम्ही प्रथम शिकलो ती महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या बुक बँक योजनेतून आम्हांस शरीररचनाशास्त्राचा जाड ग्रंथ मिळाला. तो विकत घेण्याची आमच्या वडिलांची ऐपत नव्हती. पुस्तके वाटण्याच्या दिवशी खिडकीपलीकडचा कारकून भरल्या दालनात ओरडून म्हणे, 'बुक बँकवाले एका बाजूला व्हा !' आम्ही एका बाजूला होत असू. ग्रंथावर योजनेचा शिक्का असे. तो दिसू नये म्हणून आम्ही वर्तमानपत्राचे वेष्टन घालत असू. त्याच ग्रंथालयात एक वयस्क ग्रंथपाल होते. त्यांनी हे दोन-तीनदा पाहिले आणि पुढच्या सत्रापासून ती पुस्तके आपल्या टेबलावरून, नावाने हाक मारून, एकेकाच्या हाती देण्यास सुरुवात केली. नियम तोच, शिक्का तोच, पुस्तकही तेच. बदलले होते ते केवळ माणूस. त्या बदलाने आम्ही वैद्य झालो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातही हेच दिसते. ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचला तो माणसाच्या हातून. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावास कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने हेरले, त्यास पुस्तके दिली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे श्रीमंत सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकणारेही केळुसकरच. याच सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे उभारण्याचे काम दिले, आणि १९१३ साली याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. एक ग्रंथपाल अमेरिकेतून बडोद्यास गेला, एक वाचक बडोद्याच्या साहाय्याने अमेरिकेत आला. दोन्ही घटनांमागे राजा एकच होता. ग्रंथ आणि वाचक यांची गाठ घालून द्यावी लागते, ती आपोआप पडत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

कोलंबियातून निघताना बाबासाहेबांपाशी न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात जमविलेली सुमारे दोन हजार पुस्तके होती. त्यांतील पुष्कळशी हरवली. १९१७ साली लंडनहून परततानाही त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती जर्मन पाणबुडीने बुडविली. ज्याचे ग्रंथ असे समुद्रात गेले, त्याने पुढे मुंबईत ग्रंथांसाठी राजगृह बांधले. ग्रंथ नाहीसे होणे म्हणजे काय, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते.

आता एका कागदाची गोष्ट सांगतो. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांस एक लहानसे पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे आपली कैफियत मांडली असल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. भारतातील अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार असल्याने त्या निवेदनाच्या प्रती मिळाव्यात, अशी त्यांची विनंती होती. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर धाडले. हा पत्रव्यवहार आज आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. अनेकांच्या भिंतीवर त्याची चौकटीत बसविलेली प्रत आहे. परंतु तो वाचला कसा, हे आपण विचारीत नाही. ड्यू बॉइस यांची कागदपत्रे १९७३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयाने घेतली. तेथील कर्मचाऱ्यांनी एकेक चिठोरे वेगळे केले, त्यास क्रमांक दिला, सूचीत नोंद केली, आणि पुढे सर्व जगास पाहता यावे म्हणून त्यांच्या प्रतिमा खुल्या केल्या. ज्यांनी हे केले त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. कोण्या वार्तापत्राच्या चार ओळींत ती येऊन गेली असतील.

तद्वत आपल्या मायबोलीची पुस्तके या देशात आली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. आमच्या आई-वडिलांच्या पिढीने रेशनच्या रांगेत उभे राहून अमेरिकन गहू आणला. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० या कायद्यान्वये तो गहू भारतास विकला जाई, आणि त्याची किंमत भारताने रुपयांत भरावयाची असे. त्या साचलेल्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील निवडक विद्यापीठांच्या ग्रंथालयांस पाठविली गेली. मराठी पुस्तकेही त्यांत होती. पुढे रुपयांचा तो साठा आटला, तरी ग्रंथालयांनी पदरचे पैसे घालून ती व्यवस्था चालू ठेवली. ज्या मातेने तो गहू निवडला तिला अक्षर येत नव्हते. तिच्या घासाच्या मोलाने आलेले पुस्तक तिच्या नातवंडांच्या गावी कपाटात उभे आहे. ते कोणी मागत नाही म्हणून काढून टाकले जावे काय ?

आता वार्तापत्राच्या दुसऱ्या सदराकडे वळू. निवृत्त होणाऱ्या त्या बाईंस आम्ही त्या चहापानात किंचित रोषाने विचारले होते, 'आपल्या आगामी कार्यक्रमांत सर्वांचे महिने, सर्वांचे उत्सव असतात. मग आमच्या एप्रिल महिन्याचे एकही प्रदर्शन आजवर का झाले नाही?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'डॉक्टर, प्रदर्शनासाठी दोन पानांचा अर्ज असतो. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कोणी तो मागितला नाही.' तो घाव आम्ही अद्याप विसरलो नाही. उपेक्षेचा आरोप करावयास गेलेला माणूस स्वतःच आरोपी ठरून परतला.

आपल्या शेजारी सॅन होजे शहरात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे आठ मजली ग्रंथालय आहे. १ ऑगस्ट २००३ रोजी ते उघडले. शहर आणि सॅन होजे स्टेट विद्यापीठ या दोघांनी मिळून ते बांधले. विद्यार्थी आणि रस्त्यावरचा नागरिक एकाच दाराने आत जातात. ज्या समाजास पाणवठ्याचे दार बंद होते, त्याने त्या दाराचे मोल अधिक जाणावे. तेथे बेथोव्हेनचे दालन आहे, स्टाइनबेकचे दालन आहे. कृष्णवर्णीय, आशियाई, चिकानो आणि मूळनिवासी अमेरिकनांच्या इतिहासाचे अभ्यासकेंद्रही आहे. हे विद्यापीठ ज्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे अंग आहे, तिने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द समाविष्ट केला. पुढे राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेले जातिभेदविरोधी विधेयक ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपालांनी नाकारले. त्या वादात आपल्याला पदोपदी एकच प्रश्न ऐकावा लागला : पुरावा कोठे आहे ? पुरावा आपल्या आठवणीत होता, आपल्या सभांच्या पत्रकांत होता, गॅरेजमधील खोक्यांत ओलसर होत पडलेल्या स्मरणिकांत होता. ग्रंथालयात नव्हता. जे नोंदलेले नाही ते घडलेच नाही, असे म्हणणाऱ्यांस त्यामुळे फावते.

म्हणून वैद्याच्या सवयीप्रमाणे आम्ही चार औषधे लिहून देतो.

एक, प्रत्येक कुटुंबाने जवळच्या ग्रंथालयाचे सभासदपत्र काढावे आणि वर्षातून निदान दोन मराठी अथवा आंबेडकरी ग्रंथांची मागणी लेखी नोंदवावी. जे पुस्तक घरी नेले जाते ते कपाटातून सहसा काढले जात नाही.

दोन, आपल्या आजवरच्या सर्व स्मरणिकांचे दोन संच जुळवावेत. छायाचित्रांच्या मागे माणसांची नावे, स्थळ आणि साल लिहावे, कारण ती नावे जाणणारे आता थोडे उरले आहेत. मग ग्रंथालयाच्या विशेष संग्रहास रीतसर पत्र देऊन ते अर्पण करावेत. स्वीकार न झाल्यास दुसरे दार ठोठवावे.

तीन, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. २०२७ हे त्याच्या शताब्दीचे वर्ष होय. ग्रंथालयांचे कार्यक्रम कित्येक महिने आधी ठरतात. पाण्यावरच्या हक्काचे प्रदर्शन आणि एक व्याख्यान यांसाठी दोन पानांचा तो अर्ज वेळेवर भरला गेला पाहिजे. तो आणण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतो.

चार, ग्रंथालयातील माणसांची ओळख ठेवावी. नवे कोणी रुजू झाले तर जाऊन भेटावे. कोणी निवृत्त होत असेल तर निरोपास जावे. आपण हारतुऱ्यांवर पुष्कळ खर्च करतो. त्यांतील एक हार अशा माणसासाठी राखून ठेवावा.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा कांस्य अर्धपुतळा आहे. इंग्लंडमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने तो १९९१ साली त्या विद्यापीठास दिला. तो कोठे ठेवला आहे, ठाऊक आहे ? एखाद्या चौकात नव्हे, लेहमन ग्रंथालयात. जेथे मुले मान खाली घालून वाचतात, तेथे बाबासाहेब आहेत. त्यांना भेटावयाचे असेल तर आपल्यालाही तेथेच जावे लागेल.



जय भीम !