नाव हरवलेल्या वस्तू
(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संग्रहालयाच्या कपाटात तांब्याची एक लहानशी वाटी ठेवलेली असते. आकार अर्धगोल, पत्रा पातळ आणि बरोबर तळाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र. शाळेच्या सहलीतील मुलांना ही वाटी कशासाठी असावी असे विचारले, तर बहुतेक जण ती गळकी झाली म्हणून टाकून दिली असावी असे सांगतात. एखादा मुलगा अभिषेकाचे पात्र म्हणतो. हे उत्तर चुकीचे असले तरी पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे. कारण छिद्र पडलेले नाही, पाडलेले आहे, हे त्या मुलाने ओळखलेले असते.

ही वाटी म्हणजे घटिकापात्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे आणि ठराविक काळाने वाटी बुडे. तो काळ म्हणजे एक घटका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. अहोरात्राच्या अशा ६० घटका. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा या वाटीवर डोळा ठेवून बसत. 'घटका भरली' हे आपण आजही सहज बोलून जातो. शब्द भाषेत राहिला, वस्तू मात्र डोळ्यांसमोरून गेली.

जुन्या वस्तूचा उपयोग ओळखणे हा करमणुकीचा खेळ वाटतो, आणि शाळेत तो तसा खेळावयासही हरकत नाही. मात्र त्याला रीत आहे. वस्तू प्रथम हातात घ्यावी आणि ती कोठे झिजली आहे ते पाहावे. हाताची पकड जेथे बसते तेथे लाकूड गुळगुळीत होते, धातू उजळतो. काजळी कोणत्या बाजूस आहे, छिद्र आरपार आहे की अर्धेच, तळ सपाट आहे की गोल, या गोष्टी वस्तू स्वतःच सांगत असते. नक्षी मात्र पुष्कळदा फसवते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वज्रींचे उदाहरण घ्यावे. कवी 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून जुने वाडे व बाजार धुंडाळून दिवे, अडकित्ते, कुलुपे, भांडी अशा घरगुती वस्तू जमविल्या आणि १९७५ मध्ये हा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील पितळी वज्रींवर पक्षी व प्राणी इतके देखणे घडविलेले आहेत, की पाहणाऱ्यास ती खेळणी वाटावीत. वज्री उलटी केली की कोडे सुटते. तळ खरखरीत असतो. टाचा घासण्याचे हे साधन आहे. ज्याने वरचा मोर पाहिला आणि खालचा तळ पाहिला नाही, त्याची चिठ्ठी चुकणारच.

दुसरी वस्तू आपल्या अधिक जवळची आहे. बिदरी कामाचे, घुमटाच्या आकाराचे, हातात घेतले तर चांगलेच जड लागणारे चार सारखे नग काही संग्रहांत आढळतात. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार आणि पत्रा बसवून, बीदरच्या किल्ल्यातील मातीचा लेप देऊन काळे केलेले हे काम. कोणास ते दिव्याच्या बैठकी वाटतात, कोणास मकबऱ्याच्या प्रतिकृती. येथे उत्तर आकारात नाही, संख्येत आणि वजनात आहे. चारच का? कारण बैठकीवर अंथरलेल्या चादरीला कोपरे चारच असतात. वाऱ्याने चादर उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवावयाची ही वजने होत. त्यांना मीर-ए-फर्श म्हणत. चारांतील एकच नग संग्रहालयात पोहोचला, तर मात्र ओळखणाऱ्याची परीक्षाच.

उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट अदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत हा भाग मराठी मुलखात आला. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या सीमेवरील घरांत म्हणूनच एकाच वस्तूला मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशी नावे ऐकू येतात. बाहेरून आलेला संग्राहक यांपैकी एक नाव टिपून घेतो आणि बाकीची सोडतो. वस्तुतः ही वेगवेगळी नावेच या भागाच्या इतिहासाचा पुरावा आहेत. देगलूरच्या घरातील वस्तूवर पुण्याकडील नाव लिहून ठेवणे सोयीचे असेल, पण ते खरे नव्हे.

मापांच्या बाबतीत हा निष्काळजीपणा महाग पडतो. एकात एक बसणाऱ्या लोखंडी वा पितळी नळकांड्यांना आजची मुले पेले म्हणतात. ती धान्याची मापे होत: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, असे कोष्टक पूर्वी शाळेत पाठ करून घेत. परंतु कोष्टक एक असले तरी पायली सर्वत्र एक नव्हती. गावागणिक, बाजारागणिक ती लहानमोठी असे. देशात १९५६ मध्ये मापांचा कायदा झाला, १९५८ पासून दशमान वजने आली आणि जुनी मापे व्यवहारातून गेली. आता एखादी पायली संग्रहालयात आली आणि तिच्यासोबत गावाचे नाव आले नाही, तर ती केवळ एक लोखंडी भांडे होय. गावाचे नाव असेल तर मात्र तिच्यात पाणी भरून मोजता येते आणि त्या गावच्या जुन्या कागदांतील सारा, मजुरी, बलुते यांचा खरा हिशेब लागतो.

पंडितांनाही उपयोग सांगणे नेहमी साधतेच असे नाही. लातूरपासून जवळच, धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत सापडणाऱ्या हजारो वस्तू आयुष्यभर जपल्या; त्यांच्याच नावाने आज तेथे शासनाचे संग्रहालय आहे. या संग्रहात हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्याआधी भारतातून तिकडे गेलेली. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या १९७३-७४ च्या उत्खननातही त्याच घडणीच्या मूर्तीचा भाग मिळाला. पाँपेईच्या मूर्तीला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले. पुढे तिच्या डोक्यात वरून पाडलेले भोक लक्षात घेऊन ती आरशाची मूठ असावी असे मत झाले. नंतर ती लहान चौरंगाचा पाय असावी असाही विचार मांडला गेला. देवी, की आरशाची मूठ, की फर्निचरचा भाग? वाद अद्याप मिटलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तगरच्या कोणत्याही कारागिराने याचे उत्तर एका शब्दात दिले असते.

तेरच्या कारागिराला आता विचारता येत नाही. पण गावातील ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना अजून विचारता येते, आणि ही मुदत फार लांबची नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती, मातीचा दर्जा आणि वर माळवदाचे ओझे, अशी ती घरे रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर पन्नासावर गावे नव्या जागी वसविण्यात आली. पुनर्वसनाचे ते काम मोठे होते आणि त्यात माणसांचा जीव व निवारा यांनाच प्रथम स्थान असणार, हे उघड आहे. परंतु जुन्या घराबरोबर त्या घराची रचनाही गेली. भिंतीत धान्य साठविण्याचे बळद, जमिनीत पुरलेले उखळ, ताक घुसळण्याचा खांब, दिवा ठेवण्याची देवळी, या वस्तू घराचाच भाग होत्या. उचलून नव्या घरी नेता येण्याजोग्या नव्हत्या. जात्याची वरची तळी एकटीच ढिगाऱ्यातून निघाली, तर मधोमध भोक असलेला गोल दगड एवढेच तिचे वर्णन उरते. नव्या गावांत जन्मलेली मुले आता तिशीला आली आहेत. त्यांतील पुष्कळांनी बळदातून धान्य काढताना कोणास पाहिलेले नाही.

जात्याच्या बाबतीत एक चांगले काम झाले. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. दळणे यंत्राकडे गेल्यावर ओवी गाण्याचे कारणच सरले होते. ज्यांच्या ओठांवर त्या होत्या, त्यांना वेळीच विचारले म्हणून त्या राहिल्या. उखळ, काठवट आणि चाडे यांच्याविषयी कोणी इतक्या आस्थेने विचारलेले दिसत नाही.

शाळांना व पंचायतींना यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. एक नोंदवही पुरे. वस्तूचे घरात बोलले जाणारे नाव प्रथम लिहावे, पुस्तकी नाव नंतर. कोणत्या गावची, कोणाच्या हातची, कोणत्या कामासाठी, कोणत्या ऋतूत निघत असे, केव्हा वापरातून गेली, हे सांगणाराच्या शब्दांत उतरवावे. सांगणारांत मतभेद झाला तर दोन्ही मते लिहावीत. गुरुजींनी निवाडा करू नये. अंदाज असेल तर 'अंदाज' असे स्पष्ट लिहावे. कोऱ्या चिठ्ठीपेक्षा चुकीची चिठ्ठी अधिक घातक, कारण कोरी चिठ्ठी पाहून पुढचा माणूस निदान विचारतो तरी.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या अधिनियमाने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू पुरावस्तूंत मोडतात; नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रे अशा अधिसूचित प्रकारांनाच आहे. घरातले उखळ शाळेच्या ओसरीवर मांडून ठेवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, घरमालकाची तेवढी घ्यावी. मूर्ती वा नाणी निघाली तर ती शाळेत न ठेवता रीतसर वर कळवावीत.

उन्हाळ्याच्या सुटीत हे काम सोयीचे पडते. मुले घरी असतात, शेतीची घाई नसते आणि म्हाताऱ्या माणसांना दुपारी ओसरीवर निवांत बोलावयास वेळ असतो. वस्तू त्यांच्या पुढ्यात ठेवावी आणि नाव विचारण्याऐवजी ती वापरून दाखवा, असे म्हणावे. नाव आठवत नसले तरी हाताला सवय असते. हात एकदा बसला की नावही पुष्कळदा मागोमाग येते.