गिटार, मौलाना आणि मरियमची संमती



संगीत हलाल की हराम, हा वाद तुमच्यापैकी अनेकांनी घरात ऐकला असेल. मी त्यावर फतवा द्यायला उभा नाही. पाकिस्तानातल्या तीन माणसांबद्दल बोलणार आहे.

१९८७ साली, जनरल झियांच्या राजवटीत, ‘दिल दिल पाकिस्तान’ हे गाणं आलं. बँड व्हायटल साइन्स, गायक जुनैद जमशेद आणि बँडच्या पाठीशी दिग्दर्शक शोएब मन्सूर. काही काळ त्यात सलमान अहमद गिटार वाजवत होता. शिक्षणाने डॉक्टर. त्याने १९९० मध्ये ‘जुनून’ काढला, सूफी काव्याला इलेक्ट्रिक गिटार जोडली. ‘एहतेसाब’ या गाण्यात पुढाऱ्यांकडे हिशेब मागितला, तेव्हा सरकारी टीव्हीने ते बंद केलं. १९९८ च्या अणुस्फोटांवर बोलले, तेव्हा पुन्हा बंदी. म्हणजे गाण्याची भीती फक्त मौलवींनाच वाटते असं नाही!

जुनैदने पुढे संगीत सोडलं, तबलीगकडे वळला. २०१६ मध्ये विमान अपघातात गेला. त्याची टिंगल मला मान्य नाही. स्वतःची गिटार खाली ठेवायचा हक्क त्याला होताच. दुसऱ्याच्या हातातली हिसकावणं ही वेगळी गोष्ट.

आणि शोएब मन्सूर? त्याने २००७ मध्ये ‘खुदा के लिये’ हा सिनेमा केला. पुढच्या वर्षी तो भारतातही लागला. एका मौलानाच्या नादी लागून सरमद गाणं सोडतो आणि लंडनहून आणलेल्या चुलत बहिणीशी, मरियमशी, तिच्या मनाविरुद्ध निकाह लावतो. खटल्यात आपले नसीरुद्दीन शाह दुसऱ्या मौलानाच्या भूमिकेत साक्ष देतात: संगीत निषिद्ध नाही, आणि मुलीच्या संमतीशिवाय निकाह नाही.

सिनेमा लांबलाय, अमेरिकेचा भाग तर फारच ढोबळ. पण या साक्षीला थिएटरात टाळ्या पडणारच. माझी अडचण तिथेच आहे. पहिल्या मौलानाला उत्तर द्यायला दुसरा मौलाना लागला. नसीरसाहेबांऐवजी कोर्टात उलटं बोलणारा कोणी आला असता, तर मरियमने काय करायचं होतं? परत त्याच घरात जायचं? तिचा नकार स्वतःच पुरेसा पुरावा का नव्हता?

सिनेमा जरूर बघा. जमलं तर घरच्यांबरोबर बघा आणि कोर्टाचा प्रसंग संपला की थांबवून आधी बहिणीला विचारा, तिला काय वाटतं ते.