चित्रशाळा बंद, शुल्क चालू

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कलाशिक्षणाचा विषय पक्षाच्या अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, शहरातील घरांचा प्रश्न यांच्या रांगेत चित्रकार-शिल्पकारांचे दुखणे बसत नाही, असे वरवर वाटते. परंतु कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, इंग्लंडमधील कलाशाळांत जे घडले ते मुळात उत्पादनसाधने कोणाच्या मालकीची असावीत याच प्रश्नाशी जाऊन भिडते.

इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ग्रंथ आणि अध्यापक मिळाले की त्याचे बरेचसे भागते. शिल्पकाराचे तसे नाही. त्याला उंच छताची जागा हवी, ओली माती साठवण्याची सोय हवी, प्लॅस्टरची पोती हवीत, ओतकामाची भट्टी हवी. छापचित्रे काढणाऱ्याला जड दाबयंत्र लागते. धातूचा पत्रा अम्लात सोडायचा तर विषारी वाफ बाहेर ओढून नेणारी यंत्रणा लागते. विणकामाला माग लागतो, मृत्पात्रांना भट्टी लागते. यांपैकी काहीही विद्यार्थ्याच्या घरी नसते, असूही शकत नाही. आणि जी गोष्ट सामानाच्या कोणत्याच यादीत येत नाही ती निराळीच: शेजारचा काय करतो आहे, कोठे अडला आहे, कसा सुटला आहे, हे दिवसभर डोळ्यांसमोर असणे. कलेचे निम्मे शिक्षण अशा पाहण्यातून होते. सारांश, कलाशाळा ही अनेकांनी मिळून वापरावयाची सामायिक साधनसंपत्ती आहे. एकट्यादुकट्याच्या खिशाला ती परवडणारी नाही, म्हणूनच ती संस्था झाली.

ही संस्था इंग्लंडमध्ये कोणी उभी केली? खुद्द शासनाने. फ्रान्सच्या रेशमी कापडापुढे आणि नक्षीदार मालापुढे ब्रिटिश माल फिका पडतो, या चिंतेने ब्रिटिश पार्लमेंटने १८३५ मध्ये एक समिती नेमली आणि १८३७ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाऊसमध्ये सरकारी आरेखन-शाळा सुरू झाली. आजचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट ते हेच. कारखानदारांना कलेचा कळवळा आला होता असे नाही. कुशल हात घडविण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, एवढाच हिशेब होता. तरीही त्या हिशेबातून एक सार्वजनिक गोष्ट निर्माण झाली. पुढे १९६२ च्या शिक्षण कायद्याने पदवीच्या विद्यार्थ्यांचे शुल्क आणि निर्वाहाचे अनुदान स्थानिक शासनावर बंधनकारक केले. ब्रॅडफर्डच्या सामान्य कुटुंबातील डेव्हिड हॉकनीसारखा मुलगा रॉयल कॉलेजात पोहोचतो, हे त्या पिढीतच घडू शकले.

त्यानंतर उलटा प्रवास सुरू झाला. १९९८ मध्ये वर्षाला १००० पौंड शुल्क आले, आणि ते मजूर पक्षाच्या सरकारने आणले, हे समाजवाद्यांनी विसरू नये. २००६ मध्ये ३०००, २०१२ मध्ये ९०००, २०१७ मध्ये ९२५० पौंड. शुल्कासाठी सरकार कर्ज देते आणि विद्यार्थी कमावता झाल्यावर ठराविक मर्यादेवरील उत्पन्नाच्या नऊ टक्के रक्कम वर्षानुवर्षे कापून घेते. ज्या विषयांच्या अध्यापनाला पूर्वी थेट अनुदान होते, त्यांपैकी बहुतेकांचे अनुदान याच काळात आटले. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काला तर कमाल मर्यादाच नाही. विद्यार्थी आता ग्राहक झाला आहे आणि ग्राहक राजा असतो, असे त्याला सांगण्यात आले.

या राजाची सत्त्वपरीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. २३ मार्चला देशभर टाळेबंदी जाहीर झाली. कलाशाळांची दारे त्याआधीच बंद होऊ लागली होती. अर्धवट राहिलेली शिल्पे आत आणि ती घडविणारे बाहेर, अशी स्थिती झाली. अंतिम वर्षाचे प्रदर्शन म्हणजे या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने परीक्षा, पदवीदान आणि नोकरीचा अर्ज हे सारे एकत्र. तेच प्रदर्शन संगणकाच्या पडद्यावर गेले. ज्याच्याभोवती फिरून पाहावयाचे, ज्याचे वजन जाणवावयाचे, ते बोटभर छायाचित्रात आले. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी ‘पॉज ऑर पे’ ही चळवळ सुरू केली: वर्ष थांबवा, नाहीतर पैसे परत करा.

हे निर्बंध अनाठायी होते, असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. जानेवारी २०२१ अखेर ब्रिटनमधील मृतांची संख्या एक लाखावर गेली होती. अशा वेळी वर्ग बंद ठेवणे हे कर्तव्यच होते. प्रश्न निराळा आहे: बंदीची किंमत कोणी मोजावी?

शरद ऋतूत वर्ग उघडले, पण विरळ उपस्थितीने आणि पाळ्या लावून. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा वैद्यक, शिक्षक-प्रशिक्षण, समाजकार्य अशा निवडक शाखांनाच परत येण्याची मुभा मिळाली. कला त्या यादीत नव्हती. प्रात्यक्षिकावर आधारलेल्या कलाविषयांच्या विद्यार्थ्यांना ८ मार्चपासून प्रवेश मिळाला. या सर्व काळात दाबयंत्राला कुलूप होते, परंतु ९२५० पौंडांतील एक पौंडही सरसकट कमी झाला नाही. शुल्कपरतीच्या मागणीवर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या. सरकारचे उत्तर असे की, ज्याची तक्रार असेल त्याने प्रथम आपल्या संस्थेकडे जावे, तेथे समाधान न झाल्यास तक्रार-निवारकाकडे जावे. म्हणजे एकेकट्याने.

येथे संस्थाचालकांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. सार्वजनिक अनुदान काढून घेऊन संस्थेला शुल्कावर जगावयास लावले, की शुल्क परत करणे म्हणजे अध्यापकांचे पगार बुडविणे, असे समीकरण आपोआप तयार होते. कलाशाळांत तर तासिकेवर, हंगामी करारावर येणारे अध्यापक पुष्कळ. विद्यार्थ्याची न्याय्य मागणी आणि अध्यापकाची भाकरी यांना एकमेकांसमोर उभे करण्यात आले आणि ज्याने अनुदान काढले तो मात्र बाजूला राहिला.

वसतिगृहांच्या भाड्याबाबत मात्र थोडे वेगळे घडले. मँचेस्टर विद्यापीठाने नोव्हेंबर २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या निवासांभोवती लोखंडी कुंपण घातले. मुलांनी ते त्याच दिवशी पाडले, मग रिकामा मनोरा ताब्यात घेतला, भाडे रोखून धरले. त्या सत्राच्या भाड्यात तीस टक्के सूट मिळाली. ग्राहक म्हणून तक्रार करणाऱ्याच्या हाती फारसे लागले नाही. भाडेकरू म्हणून एकत्र आलेल्यांना मिळाले.

आणि साथ ओसरण्यापूर्वीच घाव पडला. २०२१ मध्ये सरकारने कलाविषयांना मिळणारे खर्चिक अभ्यासक्रमांचे पूरक अनुदान निम्म्यावर आणले: दर विद्यार्थ्यामागे २४३ पौंडांवरून १२१ पौंड ५० पेन्स. एकूण रक्कम ३ कोटी ६० लाखांवरून १ कोटी ९० लाख पौंड. राज्याच्या अंदाजपत्रकात हा आकडा दिसणारही नाही. वाचलेला पैसा विज्ञान, वैद्यक अशा ‘अग्रक्रमाच्या’ विषयांकडे वळविण्याचे धोरण होते. ज्या भट्ट्या वर्षभर थंड होत्या, त्या पेटविण्याचा खर्च आता कोठून आणावयाचा, याचे उत्तर धोरणात नव्हते.

मुंबईचा या कथेशी जुना संबंध आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली जे. जे. कलाशाळा त्याच ब्रिटिश पद्धतीवर वाढली. १८६५ मध्ये येथे आलेले लॉकवुड किपलिंग लंडनच्या साउथ केन्सिंग्टनहूनच आले होते. येथे शुल्क लंडनच्या मानाने नगण्य, म्हणून टाळेबंदीची किंमत पैशापेक्षा जागेत मोजावी लागली. जेथे चार माणसांना पाय पसरता येत नाहीत, त्या खोलीत कॅनव्हास कोठे उभा करावयाचा? शाळा उघडली तरी पोहोचावयाचे कसे? लोकल गाड्या ऑगस्ट २०२१ मध्ये खुल्या झाल्या त्या लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना, आणि अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण सुरूच १ मे २०२१ पासून झालेले. राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली, तीही दोन मात्रांच्या अटीवर. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आणि गाडी होती त्याची चित्रशाळा कधी बंद पडलीच नाही.

२०२३ मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्वायत्ततेचे स्वागत करावे; पण तिच्या मागोमाग शुल्क कोण ठरविणार, सरकारचे अनुदान किती वर्षे आणि कोणत्या हमीने राहणार, हे लेखी मागून घ्यावे. आपापल्या जिल्ह्यातील कलामहाविद्यालयांत चालू स्थितीतील दाबयंत्रे किती, भट्ट्या किती, अध्यापकांची कायम पदे किती भरलेली आणि किती तासिकेवर, एवढी माहिती प्रत्येक शाखेने गोळा करून जिल्हा कार्यालयाकडे द्यावी. विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात प्रश्न विचारावयाचा तर तो आकड्यांसह विचारता येईल.