निवडणुकीचें दफ्तर

फलटणास जाणारा प्रवासी श्रीरामाचें मंदिर पाहतो, मुधोजी मनमोहन राजवाडा पाहतो, आणि महानुभाव पंथाचा असेल तर श्रीचक्रपाणींच्या जन्मस्थानाचें दर्शन घेऊन परततो. निंबाळकरांच्या ह्या गांवावरून जुन्या कागदांचा विषय मनांत येण्यास हें शेवटचें कारणच पुरेसें आहे. महानुभावांचा आद्य गद्यग्रंथ जो लीळाचरित्र, त्याची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमींत नाहींशी झाली, आणि पुढें शिष्यांच्या स्मरणांतून तो ग्रंथ पुन्हां उभा करावा लागला, असें पंथाची परंपरा सांगते. परिणाम असा झाला कीं, आज त्या ग्रंथाचा एक पाठ नाहीं, अनेक पाठ आहेत. कागद हरवला म्हणजे स्मृति मदतीस धांवते. पण स्मृतीला पाठभेद फुटतात. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी, अशी माझी प्रारंभींच विनंति आहे.

आज ज्या दफ्तराविषयीं मी बोलणार आहें, तें मात्र फलटणपासून फार दूर आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांस दुसऱ्यांदा निवडून आणण्यासाठीं १९७१ सालीं एक समिति स्थापन झाली. ‘अध्यक्षांच्या पुनर्निवडणुकीची समिति’ हें तिचें नांव. तिची कचेरी वॉशिंग्टन शहरीं, अध्यक्षांच्या निवासापासून हांकेच्या अंतरावर होती. देशाचे अॅटर्नी जनरल जॉन मिचेल आपलें पद सोडून १९७२ सालीं तिचे सूत्रधार झाले. पैशाची बाजू मॉरिस स्टॅन्स यांजकडे होती. समितीनें सुमारें सहा कोटि डॉलर जमविले. जाहिरातींसाठीं तिनें स्वतःची स्वतंत्र पेढी उभारली व तिला ‘नोव्हेंबर ग्रुप’ असें नांव दिलें. लोकमताच्या पाहण्या करविल्या. घरोघर पत्रें धाडलीं. ७ नोव्हेंबर १९७२ रोजीं मतदान झालें, तेव्हां पन्नासांपैकीं एकूणपन्नास राज्यें निक्सन यांच्या पदरांत पडलीं.

एवढेंच घडलें असतें, तर ह्या समितीचें नांव आज कोणास ठाऊकही नसतें. परंतु त्याच वर्षीं १७ जून रोजीं पहांटे वॉटरगेट नांवाच्या इमारतींत, विरुद्ध पक्षाच्या कचेरींत पांच इसम चोरून शिरलेले सांपडले, आणि त्यांतला एक ह्या समितीच्याच सुरक्षाव्यवस्थेचा प्रमुख निघाला. पुढची कथा सर्वश्रुत आहे. ९ ऑगस्ट १९७४ रोजीं अध्यक्षांस पद सोडावें लागलें.

ह्या समितीचे कागद आज कॅलिफोर्नियांतील योर्बा लिंडा येथें, निक्सन यांच्या नांवाच्या ग्रंथालयांत, अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या देखरेखीखालीं आहेत. चोरीच्या कथेसाठीं ते उघडणाऱ्याची बहुधा निराशा होईल. अशा संग्रहांत बहुतांशीं टिपणें, पत्रव्यवहार, राज्यवार योजना, पाहण्यांचे आंकडे असाच नीरस ऐवज असतो. पण आपले वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडून जे रुमाल सोडीत, त्यांत तरी लढायांचींच वर्णनें कोठें होतीं? हुंड्या, वराती, ताकीदपत्रें, निवाडे हेंच त्यांत विपुल होतें, आणि राज्य प्रत्यक्षांत कसें चालत होतें तें त्यांतूनच उमगलें. निवडणूक कशी जिंकतात, हेंही भाषणांच्या संग्रहांवरून कळत नाहीं. तें अशा कंटाळवाण्या कागदांवरून कळतें.

तथापि जें राहिलें त्यापेक्षां जें राहिलें नाहीं, तें अधिक बोलकें आहे. चोरी उघडकीस येतांच समितींत कागद नाहींसे करण्याची एकच घाई उडाली. दूरध्वनीवर चोरून ऐकलेल्या संभाषणांचें टिपण जाळण्यांत आलें. रोख पैशाच्या देवघेवीची वही खजिनदारानें नष्ट केली. सामान्य मनुष्य हिशेबाची वही हरवली म्हणून घाबरतो. येथें ती सांपडेल म्हणून घाबरण्याची पाळी आली. कोणत्या कागदास किती महत्त्व होतें, हें तो जाळणाऱ्याच्या घाईवरून कळतें.

कागद गेल्यावर साक्षींवर भिस्त आली. अध्यक्षांचे एक कायदेसल्लागार जॉन डीन यांनीं १९७३ सालीं सेनेटच्या चौकशी समितीपुढें आपल्या आठवणींच्या बळावर प्रदीर्घ निवेदन केलें. पुढें अध्यक्षांच्या दालनांतील ध्वनिमुद्रिकाच उपलब्ध झाल्या. उल्रिक नायसर ह्या मानसशास्त्रज्ञानें १९८१ सालीं दोन्ही ताडून पाहिलीं, तेव्हां असें आढळलें कीं, डीन यांचें सांगणें साररूपानें खरें होतें. परंतु कोण केव्हां काय बोललें, ह्या तपशिलांत त्यांची स्मृति वारंवार चुकली होती. लीळाचरित्राच्या पाठभेदांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. स्वतः ध्वनिमुद्रिकांतही २० जून १९७२ च्या एका संभाषणांत साडेअठरा मिनिटांची पोकळी आहे. ती कोणीं पाडली, हें निश्चित झालेलें नाहीं.

आतां ह्यांतील कायद्याचा मुद्दा पाहूं. तोंपर्यंत अमेरिकेंत अध्यक्षांचे कागद ही त्यांची खाजगी मिळकत, अशी समजूत होती. १९७४ सालीं खास कायदा करून निक्सन यांचे कागद सरकारनें ताब्यांत घेतले, आणि १९७८ च्या कायद्यानें पुढील अध्यक्षांचे अधिकृत कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरविले. पण हा कायदा अध्यक्षपदाच्या कागदांपुरता आहे. निवडणूक लढविणारी समिति ही खाजगी संस्था. तिचे कागद ती ठेवील तर ठेवील, न ठेवील तर न ठेवील. सत्तेवर बसलेल्याचें दफ्तर जनतेचें, आणि त्याला सत्तेवर बसविणाऱ्याचें दफ्तर खाजगी, अशी ही विलक्षण वांटणी आहे.

देणग्यांच्या बाबतींत तर ही वांटणी फारच बोंचक झाली. देणगीदारांचीं नांवें जाहीर करण्याचा नवा कायदा ७ एप्रिल १९७२ पासून अमलांत यावयाचा होता. त्यापूर्वीं आलेल्या देणग्या गुप्त राखण्याचा समितीचा निश्चय होता, म्हणून ती तारीख उजाडण्यापूर्वीं पैशाचा जणूं पूर आला. ‘कॉमन कॉज’ नांवाच्या नागरिकांच्या संस्थेनें न्यायालयांत दावा लावला. तेव्हां १९७३ सालीं पूर्ण यादी बाहेर आली, आणि अमेरिकन एअरलाइन्सप्रमाणें अनेक कंपन्यांनीं बेकायदा पैसे दिल्याची कबुली दिली.

हें सारें परक्यांचें म्हणून आपण हंसून सोडून देऊं नये. आपल्या देशांत २०१८ सालीं निवडणूक रोखे निघाले. त्यांत देणाऱ्याचें नांव मतदारास कळण्याची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरविली, व पुढील महिन्यांत नांवांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. न्यायालयांत गेलेल्यांपैकीं एका संस्थेचें नांव ‘कॉमन कॉज’ असेंच आहे. अमेरिकेच्या संस्थेशीं तिचा संबंध नाहीं, केवळ नांव सारखें. पण दोन्ही देशांत यादी सरळ हातीं आली नाहीं, दावा लावून मिळवावी लागली, हें साम्य केवळ नांवापुरतें नाहीं.

आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें उमेदवारास निकालानंतर तीस दिवसांच्या आंत आपल्या खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो कोणासही पाहतां येतो. न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊं शकते. ही व्यवस्था चांगलीच आहे. पण हिशेब म्हणजे दफ्तर नव्हे. किती पैसा खर्च झाला हें हिशेब सांगेल. कोणत्या आळींत काय सांगावयाचें ठरलें, कोणतें वचन दिलें, कोणतें जाणूनबुजून टाळलें, हें दफ्तरच सांगेल. आणि ते कागद निकालाच्या दुसऱ्या दिवशीं मांडवाच्या कनातींबरोबर उचलले जातात व रद्दींत पडतात.

म्हणून पुन्हां फलटणास येतों. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर फलटण संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तेथील अखेरचे अधिपति श्रीमंत मालोजीराव नाईक निंबाळकर पुढें मुंबई राज्याचे मंत्री झाले. कालपर्यंतचा प्रजाजन चार वर्षांच्या आंत, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, मतदार झाला. मराठी मुलुखांतील लक्षावधि माणसांच्या आयुष्यांत एवढा मोठा पालट क्वचितच झाला असेल. त्या कुणब्याचा सारा, त्याचें वतन, त्याचा बांधाचा तंटा यांची नोंद संस्थानी कारभारानें ठेवली. कारण त्यांत कोणाचा तरी हक्क गुंतलेला होता. पण तो प्रथमच मत देण्यास निघाला, तेव्हां त्याला कोणीं काय समजाविलें, त्याला कशाची आशा वा भीति घातली, त्याच्या बायकोला पेटीपर्यंत कोणीं नेलें, हें कोणी टिपून ठेविलें? ज्यांनीं तो प्रचार केला, ती पिढी आतां सरली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळांतली १९५७ ची निवडणूक ज्यांनीं पायीं हिंडून लढविली, तेही आतां थोडेच उरले आहेत.

अमेरिकेच्या त्या समितीच्या कागदांकडे जगाचें लक्ष गेलें, तें एका गुन्ह्यामुळें. दफ्तराकडे पाहण्यासाठीं आपण गुन्ह्याची वाट पाहावी काय? माझी सूचना साधी आहे. आपल्या घरच्या माळ्यावर, वडिलांच्या पेटींत, आजोबांच्या कपाटांत निवडणुकीचीं जुनीं हस्तपत्रकें, कार्यकर्त्यांच्या रोजनिशा, वर्गणीच्या पावत्यांचीं पुस्तकें, सभांचीं निमंत्रणें पडलेलीं असतील. दिवाळीच्या झाडलोटींत तीं रद्दीवाल्याच्या तागडींत टाकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावीं. त्यांवर साल, गांव आणि ज्यांच्या हातचीं तीं असतील त्यांचें नांव पेन्सिलीनें लिहावें, आणि गांवच्या वाचनालयास किंवा इतिहाससंशोधनाच्या एखाद्या संस्थेस नेऊन द्यावीं. जिंकलेल्या उमेदवाराचे कागद द्यावेत, तसेच हरलेल्याचेही द्यावेत. हरलेल्याचे तर आधीं द्यावेत, कारण ते जपण्यास दुसरें कोणी येत नाहीं.

आपण इतिहासाचे अभिमानी लोक आहों. तीनशें वर्षांपूर्वींच्या सनदेचा तुकडा सांपडला तर आपण तो कपाळास लावतों. उद्यांचा राजवाडे आपल्या दारीं येईल, तेव्हां त्याला द्यावयास आपल्यापाशीं केवळ आठवणी असूं नयेत. आठवणींना पाठभेद फुटतात.